पंधरा रुपयांचा परवाना

गावी गेलो की माझं एक काम ठरलेलं असतं. मुलगा पुण्यात ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहे म्हटल्यावर वर्षभरात बिघडलेली, रुसलेली, अर्धवट चालणारी सगळी यंत्रं माझी वाट बघत बसलेली असतात. गेल्या दिवाळीत रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परभणीला उतरलो, जिंतूर रस्त्याची एसटी पकडून झरीला घरी पोचलो, आणि चहाचा कप हातात यायच्या आत यादी सुरू झाली. टीव्ही लागत नाही. आईचा फोन सारखा ‘जागा नाही, जागा नाही’ म्हणतो. अण्णांना एका योजनेचा फॉर्म भरायचाय, तो भरला जात नाही. आणि मिक्सर मधेच बंद पडतो. (मिक्सर माझ्या खात्यात येत नाही हे मी आईला बारा वर्षांत पटवू शकलेलो नाही.)

टीव्हीपासून सुरुवात केली. पडद्यावर निळी चौकट, त्यात एक एरर क्रमांक आणि खाली ‘रिचार्ज करा’. रिचार्ज तर आठवड्यापूर्वी मीच पुण्याहून मारला होता. ग्राहक सेवेला फोन लावला. हे दाबा, ते दाबा, संगीत ऐका. शेवटी आवाज आला : नोंदणीकृत मोबाईलवरून फोन करा किंवा ग्राहक क्रमांक सांगा. नोंदणीकृत मोबाईल म्हणजे अण्णांचं दहा-अकरा वर्षांपूर्वीचं सिमकार्ड, ते कधीच बंद पडलंय. ग्राहक क्रमांक बॉक्सच्या पाठीवरच्या स्टिकरवर होता, ते स्टिकर आईने पुसून पुसून पांढरं केलंय.

“कागद असंल ट्रंकेत,” अण्णा म्हणाले.

अण्णांची ट्रंक म्हणजे आमच्या घरचा डेटाबेस. सातबारे, पीककर्जाच्या पावत्या, विहिरीवरच्या मोटारीचं बिल, माझी दहावीची मार्कशीट. ग्राहक क्रमांक काही सापडला नाही. पण तळाशी एक छोटं, कडा कुरतडलेलं पुस्तक सापडलं. आत तिकिटं चिकटवलेली, त्यांवर पोस्टाचे गोल शिक्के.

“अण्णा, हे काय?”

“रेडिओचं लायसन हाय ते. दर साली पोस्टात जाऊन पैसे भरायलो आम्ही. पंधरा रुपये.”

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हे खोटं वाटेल म्हणून सांगतो. आपल्या देशात रेडिओ ऐकायला सरकारी परवाना लागत असे. १८८५ च्या तार कायद्याच्या आधाराने तो मिळायचा, पोस्टात जाऊन काढायचा, दर वर्षी नूतनीकरण करायचं, आणि पैसे भरल्याची खूण म्हणून पुस्तकात तिकीट चिकटवून शिक्का मारून घ्यायचा. रेडिओला वर्षाला पंधरा रुपये, टीव्ही आल्यावर टीव्हीला पन्नास. १९८५ च्या सुमारास हे सगळं बंद झालं. “तपासायला माणूस आलाय म्हनलं की निम्म्या गावाचे रेडिओ कणगीत जायचे,” असं अण्णा सांगतात. (आमचा गेला होता का, ह्यावर ते नुसते हसतात.)

पहिली प्रतिक्रिया माझीही तुमच्यासारखीच होती : काय वेडेपणा! हवेतून येणारा आवाज कानावर पडू द्यायचा तर सरकारची परवानगी? आणि त्या पैशात ऐकायला काय, तर फक्त सरकारी बातम्या. तेव्हा जुनं ते सोनं वगैरे काही मला म्हणायचं नाही. पण त्या पंधरा रुपयांत अण्णांना काय मिळत होतं ते नीट बघितलं आणि थोडा विचारात पडलो.

परभणी आकाशवाणी मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झवर लागायची. शेतीचे कार्यक्रम, बाजारभाव, बातम्या, रात्री गाणी. रेडिओ कुठल्याही कंपनीचा असो, परभणीतून घेतलेला असो नाहीतर हैदराबादहून कुणी आणलेला, सेल घातले आणि बटण फिरवलं की आवाज आला. ॲक्टिव्हेशन नाही, ग्राहक क्रमांक नाही, ‘तुमचा रेडिओ या केंद्राला सपोर्ट करत नाही’ असं नाही. कारण प्रक्षेपण कसं करायचं आणि ते पकडायचं कसं ह्याचं स्टँडर्ड सगळ्या जगाने एकच पाळलं होतं. परवान्याचं शुल्क जाचक होतं, पण ते पुस्तकात छापलेलं होतं. किती द्यायचे, कुणाला द्यायचे, कशासाठी द्यायचे, सगळं डोळ्यांसमोर.

बाहेरच्या देशांत असं शुल्क अजूनही आहे. ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन एप्रिल २०२५ पासून वर्षाला १७४.५० पौंड झालं, आणि गंमत म्हणजे कृष्णधवल टीव्हीचं वेगळं, स्वस्त लायसनही मिळत होतं. जर्मनीत २०१३ पासून घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे शुल्क द्यावं लागतं. २०२१ मध्ये ते महिन्याला १८.३६ युरो झालं. तिकडचे लोक त्यावरून कडाकडा भांडतात. पण भांडायला समोर एक आकडा असतो, हे महत्त्वाचं. आपल्याकडे परवाना गेला, प्रसार भारती सरकारी अनुदानावर आणि जाहिरातींवर चालू लागली, आणि आपण समजलो की शुल्क गेलं.

खरंच गेलं का? आमच्या घरचा हिशेब सांगतो.

२०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम लागू झाले. त्यात ‘नेटवर्क कपॅसिटी फी’ नावाची गोष्ट आली. पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी महिन्याला कमाल १३० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये आणि काही पैसे. ही किंमत वाहिन्यांची नव्हे, नुसत्या नळाची. पाण्याचे पैसे वेगळे. २०२० मध्ये तेवढ्याच पैशांत दोनशे वाहिन्या झाल्या, आणि जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही कमाल मर्यादाच काढून टाकली. आता कंपनीने आकार ठरवायचा आणि जाहीर करायचा. आता बघा, कायद्याने दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या प्रत्येक केबलवाल्याने, प्रत्येक डिशवाल्याने दाखवायच्याच आहेत. त्या फुकट आहेत. पण खासगी डिशवर त्या फुकटच्या वाहिन्या बघायच्या तरी आधी नळपट्टी भरायची. म्हणजे सरकारी वाहिनी बघण्यासाठीचं शुल्क आपण देतोच, फक्त त्यातला रुपया सरकारी वाहिनीला जात नाही.

बरं, सरकारी वाहिनी तरी पूर्ण दिसते का? त्याच संध्याकाळी ओट्यावर क्रिकेटचा विषय निघाला आणि शेजारच्या काकांनी विचारलं, “इंडियाची मॅच आमच्या छत्रीवर फुकट दिसती, तुमच्या पैसेवाल्या डिशवर डीडीला कामून दिसत नाही?” मला उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची लाज वाटली. २००७ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला द्यावंच लागतं. पण ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ते प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या मनोऱ्यांवर आणि स्वतःच्या मोफत डिशवरच दाखवायचं. खासगी केबल-डिशच्या वाटेने ते जाऊ द्यायचं नाही. ज्या वाहिनीने करोडो रुपये मोजून हक्क घेतले तिची बाजूही आहेच त्यात. पण परिणाम बघा. काकांनी एकदाच पैसे देऊन फ्री डिश बसवली (डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने ती सुरू झाली, महिन्याचं भाडं शून्य), त्यांना सामना दिसतो. आम्ही महिन्याचे महिन्याला पैसे भरतो, आम्हाला दिसत नाही.

“मग टाका ना ती डिश काढून!” तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो. पण आईच्या तीन मालिका फ्री डिशवर नाहीत. बरं, मग दुसऱ्या खासगी कंपनीकडे जाऊ. तर आमचा बॉक्स तिथे चालत नाही. छत्री तशीच, तार तशीच, टीव्ही तोच, पण बॉक्स कचरा. नवीन घ्या. मोबाईल कंपनी बदलली तर हँडसेट फेकून द्यावा लागत नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबरसुद्धा तोच ठेवता येतो. मग डिशने काय घोडं मारलंय?

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, कारण ही तांत्रिक अडचणच नाही. आपल्याकडच्या डीटीएचच्या परवान्यात पहिल्यापासून अट आहे की एका कंपनीचा बॉक्स दुसरीकडे चालण्याजोगा हवा. त्यासाठी बॉक्सला एक खाच असावी, कंपनी बदलली की खाचेतलं कार्ड बदलायचं, अशी कल्पना. ‘कॉमन इंटरफेस’ नावाचं स्टँडर्ड त्यासाठी तयार होतं. युरोपात तर तीस सेंटिमीटरहून मोठ्या पडद्याच्या डिजिटल टीव्हीला अशी खाच ठेवणं बंधनकारक केलं गेलं. आपल्याकडे अट कागदावर राहिली आणि बॉक्स कंपनीच्या मालकीचे असल्यासारखे वागत राहिले. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने पुन्हा एकदा शिफारस केली की सगळे बॉक्स सगळीकडे चालायला हवेत. आमच्या माळ्यावर त्यानंतर अजून एक मेलेला बॉक्स जाऊन बसला. असे तीन झालेत.

असो. टीव्ही दुसऱ्या दिवशी आपोआप सुरू झाला, का ते देवाला ठाऊक. मग अण्णांचा फॉर्म काढला.

एका सरकारी योजनेचा ऑनलाइन अर्ज. कुठल्या ते सांगत नाही, कारण तसले दहा मला माहीत आहेत आणि खासगी कंपन्यांचे शंभर. अण्णांच्या चार-पाच वर्षं जुन्या फोनवर पान उघडलं. जन्मतारखेच्या रकान्यावर बोट ठेवलं की छोटी दिनदर्शिका उघडायची, चालू महिन्याची. मागे जायला एक बाण. अण्णांचा जन्म १९५१ चा. हिशेब केला : जवळजवळ ८९० वेळा बाण दाबायचा. हाताने तारीख लिहू देत नाही! तारखेसाठी एचटीएमएलमध्ये स्वतंत्र, प्रमाणित रकाना केव्हाचा आहे; तो वापरला की फोन आपली आपण सोयीची दिनदर्शिका दाखवतो. पण कुणीतरी स्वतःची बनवली, आणि तपासताना स्वतःचीच जन्मतारीख टाकून बघितली असणार. पंचवीस-तीस वर्षांच्या पोराला तीनशे टिचक्यांत जमतं, तेही तो बहुधा कॉम्प्युटरवर माऊसने करतो.

ते पार पडलं. मी आणि पुतण्याने आळीपाळीने दाबलं. पुढे नाव. ‘नाव मराठीत लिहा.’ लिहिलं. लाल अक्षरं उमटली : ‘अवैध अक्षर.’

आमच्या आडनावात कुऱ्हाडीतला ‘ऱ्ह’ आहे. हा आडवा र आपल्या मराठीचा खास. युनिकोडमध्ये देवनागरीचा तक्ता आपल्या इस्की ह्या भारतीय स्टँडर्डवरून घेतला गेला आणि त्यात ह्या ‘ऱ’ ला स्वतःची जागा आहे. सगळंच काही पहिल्यापासून नव्हतं. ‘ॲप’मधला ‘ॲ’ स्वतंत्र अक्षर म्हणून यायला २००८ साल उजाडलं. पण ‘ऱ’ होता. प्रत्येक फोनला, प्रत्येक ब्राउझरला तो येतो. फक्त त्या फॉर्ममध्ये ज्याने मंजूर अक्षरांची यादी हाताने टाइप केली असेल, त्याला तो आठवला नाही.

शेवटी अण्णा नेहमी करतात तेच केलं. ऑनलाइनची कामं करणाऱ्या पोराकडे गेलो, पन्नास रुपये दिले. त्याने सराईतपणे साधा र आणि ह वापरून आडनाव लिहिलं, वर रफार चढला, फॉर्म गेला. मी म्हणालो, अरे हे चुकीचं झालं. तो म्हणाला, “दादा, त्याशिवाय पुढं जातच नाही. सगळ्यांचं असंच करायलोय.” महिन्याभराने अर्ज परत आला. कारण : अर्जातलं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही.

आता सांगा, ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी आहे का? फॉर्म नीट नसला तर पुण्या-मुंबईत आपली चिडचिड होते, आपण दुसरा ब्राउझर उघडतो, स्क्रीनशॉट मारून मित्रांना पाठवतो. झरीत त्यामुळे पैसे अडतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून नोंदवायची पद्धत आली. शेतात उभं राहून फोटो काढायचा. कल्पना चांगली आहे. पण २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी सरकारने हेक्टरी ५००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, जाहीर केले तेव्हा आधी अट होती ह्याच नोंदीची. नंतर ती सैल करावी लागली. दोन हेक्टर म्हणजे दहा हजार रुपये, आणि ते शेतकऱ्याच्या फोनवर, रेंजवर, बोटांवर अवलंबून. आमच्याकडे पुतण्या होता म्हणून निभावलं. पुतण्या नसलेल्या घरांचं काय?

आणि आता माझा कबुलीजबाब. चार वर्षांपूर्वी मी ज्या प्रोजेक्टवर होतो, तिथे अशीच एक तक्रार आली होती. नावाच्या रकान्यात काही अक्षरं चालत नाहीत. मी आकडेवारी काढली, फार थोड्या लोकांना त्रास होत होता, रिलीज डोक्यावर होती. मी तक्रार बंद केली. कारणाच्या रकान्यात लिहिलं : वापरकर्त्यांची संख्या नगण्य. वरिष्ठांनी शाबासकी दिली की निर्णय पटकन घेतलास. ती नगण्य माणसं कोण होती ते मला बॉक्सच्या कागदासाठी ट्रंक उपसताना कळलं.

ऑफिसात ह्यावर जो युक्तिवाद होतो तो मला पाठ आहे, मीच तो अनेकदा केलाय. जुने फोन सांभाळायला पैसे लागतात, सगळ्यांसाठी सगळं करता येत नाही, स्टँडर्ड हळू चालतं आणि बाजार पळतो. खरं आहे. १५ जून २०२२ ला इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्त झाला तेव्हा मी पेढे वाटले होते, कारण त्याच्यासाठी वेगळं सीएसएस लिहिण्यात माझ्या तारुण्याची दोन वर्षं गेली. पण नीट पाहिलं तर तो वैताग कशाचा होता? एका बलाढ्य कंपनीने स्टँडर्ड आपल्या सोयीने पाळलं ह्याचा. आणि ती दिनदर्शिका, ती अक्षरांची यादी, तो बॉक्स, सगळं त्याच जातीचं आहे. प्रत्येक ठिकाणी स्टँडर्ड तयार होतं, फुकट होतं आणि वापरायला सोपंही होतं. ते न पाळल्याचा खर्च पडला तो बैठकीत नसलेल्या माणसावर. युरोपने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना एकच यूएसबी-सी चार्जर सक्तीचा केला, तो कंपन्यांच्या मनात आलं म्हणून नव्हे. कुणीतरी बैठकीत बसून सांगितलं म्हणून.

मला वाटतं, न पाळलेलं स्टँडर्ड हे शुल्कच असतं. फक्त त्याची पावती मिळत नाही. माळ्यावरचे तीन बॉक्स, ऑनलाइनवाल्याचे पन्नास रुपये, परत आलेला अर्ज, त्यापायी परभणीला मारलेल्या दोन चकरा आणि बुडालेली मजुरी, ह्या सगळ्याची बेरीज केली तर तो पंधरा रुपयांचा परवाना फार स्वस्त वाटायला लागतो. आणि त्याच्याविरुद्ध निदान बोलता येत होतं. ह्या शुल्काविरुद्ध अण्णांनी बोलायचं कुणाशी? हे दाबा, ते दाबा?

सरकारने काय करावं, ट्रायने काय करावं, ह्यावर आपण रोज बोलतो. पण त्या दिनदर्शिका आणि त्या याद्या सरकार टाइप करत नाही, आपण करतो. तेव्हा सोमवारी एवढं करा. आपण बनवलेलं पान आपल्या वडिलांच्या फोनवर, त्यांच्या जन्मतारखेने, त्यांच्या पूर्ण नावाने, मराठीत भरून बघा. वडील शहरात असतील तर मावशीच्या फोनवर बघा. अर्धा तास जाईल. मी पुण्याला परतल्यावर ती जुनी तक्रार शोधून पुन्हा उघडली. दुरुस्ती एका ओळीची निघाली. चार वर्षं, एक ओळ.

अण्णांचा अर्ज दुसऱ्यांदा पाठवलाय, ह्या वेळी सोबत प्रतिज्ञापत्र जोडून, की हा आणि तो माणूस एकच आहे. निघायच्या दिवशी ते ट्रंक आवरत होते. परवान्याचं पुस्तक त्यांनी उघडलं, चष्मा वर सरकवून पहिलं पान बघितलं. पोस्टातल्या कुणा कारकुनाने शाईच्या पेनाने नाव लिहिलं होतं. गाव झरी, ता. जि. परभणी.

“बघ,” अण्णा म्हणाले, “ह्याच्यात आडनाव बरोबर हाय.”